दिवेवालीची जागा

कामगारांच्या मुलांना अभिजात साहित्याची गोडी कशी लावावी, या विषयावर हल्ली परिसंवाद भरतात. अशा तीन परिसंवादांना मी श्रोता म्हणून उपस्थित राहिले आहे आणि तिन्ही ठिकाणी व्यासपीठावर चिठ्ठी पाठवून एकच प्रश्न विचारला आहे: गोडी लागल्यावर पुढे काय करायचे? उत्तर मिळालेले नाही. शेवटच्या परिसंवादात एक गृहस्थ अर्धा तास सांगत होते की, पोटाला चिमटा बसलेल्या मुलांना थोर कादंबऱ्या भिडतच नाहीत. त्यांचे अनुभवविश्व निराळे असते. त्या भाषणाच्या छापील प्रती नंतर वाटण्यात आल्या. माझी प्रत मी समासात लिहून परत केली. तिचीही पोच नाही. आमच्या शाळेतल्या बाईंना ज्याने पाहिले नाही त्याने या विषयावर बोलू नये, असे माझे मत आहे, आणि आमच्या बाईंना कोणी बोलावत नाही. म्हणून हे लिहिणे मला भाग पडत आहे.

आमची शाळा काचकारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. भिंतीपलीकडे मोठी भट्टी. ती कधी विझत नसे, त्यामुळे आमच्या वर्गाची मागची भिंत बाराही महिने कोमट असे आणि थंडीत शेवटच्या बाकासाठी भांडणे होत. कारखान्यात दिव्यांच्या चिमण्या, बरण्या आणि औषधांच्या बाटल्या होत. माझे बाबा काच फुंकत. वीस वर्षांच्या फुंकण्याने त्यांचे गाल सैल पिशव्यांसारखे लोंबू लागले होते, आणि ते रागावले की आई म्हणे, "सोडा आता तो वारा, घरात चिमण्या नाही करायच्या."

या कामाची एक रीत होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे काही कळायचे नाही. काच थांबत नाही. एकजण ती भट्टीतल्या कुंडातून नळीवर काढतो, दुसरा फुंकतो, तिसरा साचा मिटतो, चौथा तोडतो, पाचवा हळूहळू निववायच्या खोलीत नेतो. या रांगेत एक जागा जरी मोकळी राहिली तरी काच वाटेतच थिजून वाया जाते. म्हणून जो कामाला येऊ शकत नसे, त्याच्या जागी त्याच्या घरचेच कोणीतरी उभे राही आणि त्याच्या नावाने हाक आली की 'ओ' देई. त्या पाळीत हात भाजला, तर ज्याची जागा त्याचा हात भाजला, असे धरत. 'जागेवर उभा तोच तो,' अशी आमच्या वसाहतीत म्हणच होती. पाळी घड्याळावर नसे, कुंडावर असे. कुंड रिकामे होईपर्यंत आणि पुढच्याने येऊन खांद्यावर हात ठेवीपर्यंत जागा सोडायची नाही. आम्हा मुलांना पाढ्यांच्या आधी हे पाठ होते.

त्या वर्षी मागणी बसली आणि मालकांनी भट्टी विझवली. एवढी मोठी भट्टी एका दिवसात निवत नाही. आत उरलेली काच थिजताना तडकते, विटा आखडतात, आणि भिंतीपलीकडून दिवसभर आवाज येत राहतो: टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. कोणीतरी बोटाच्या पेराने दार वाजवावे, पण उघडण्याची घाई नसावी, तसा. आमची भिंत दर आठवड्याला थोडी थोडी गार होत गेली. मागच्या बाकावरची मुले तिला पाठ लावून, तळवे मागे टेकवून बसत आणि गुपचूप एकमेकांना सांगत, "काल इथंपर्यंत ऊब होती."

शाळेतलेही दोन शिक्षक कमी केले गेले आणि तीन वर्ग बाईंच्या एकाच खोलीत आले. मी सातवीत, माझी धाकटी बहीण चौथीत, आणि दोघी एकाच छताखाली. बाई तेव्हा तिशीच्या असतील. उंच, अंगाने काटक, आवाज इतका खालचा की वर्गाने आपोआप गप्प व्हावे. खडू नखाएवढा उरेपर्यंत त्या टाकत नसत. वाण्याच्या दुकानावरच्या माळ्यावर एकट्या राहत. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या कामावर होते आणि त्यांच्यामागे मुलीला जे मिळाले त्यात एक जाडजूड कादंबरी होती. फार जुनी, परक्या मुलखातली, थोर म्हणून गाजलेली. मुखपृष्ठ आणि पहिली चार पाने गेलेली. वह्या संपल्या, पाट्या फुटल्या, तेव्हा दुपारच्या शेवटच्या तासाला बाईंनी ती वाचायला घेतली.

गोष्ट नव्वद खोल्यांच्या एका वाड्यासारख्या प्रचंड घराची होती. मालक परदेशात, नोकर निघून गेलेले, आणि रोज दिवेलागणीला प्रत्येक खोलीतला दिवा लावायला एक अनाथ मुलगी. पुस्तकात तिला लांबलचक नाव होते. आम्ही तिला दिवेवाली म्हणू लागलो.

परिसंवादातल्या त्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी आमच्या वर्गात असायला हवे होते. बाईंनी पुस्तक मिटल्याबरोबर एक मुलगा उठला.

"बाई, नव्वद खोल्या म्हणजे नव्वद चिमण्या. एक पुसून, वात कापून, लावायला हात चलाख असला तरी तीन मिनिटं. साडेचार तास झाले. हिचं काम होईस्तोवर पहिल्या खोलीतलं तेल संपेल."

"लिहिणाऱ्यानं कधी चिमणी पुसली नसेल," मागून कोणी म्हणाले.

"तिच्या हातून महिन्यात एक पण फुटली नाही? खोटं आहे."

"माझ्या बापानं फुंकलेली असेल," पहिला म्हणाला, आणि वर्ग हसला. बाईही हसल्या. भट्टी विझल्यापासून त्या खोलीतले ते पहिले हसू होते.

चौथ्या प्रकरणात दिवेवाली तापाने पडली आणि एक संध्याकाळ घरात अंधार राहिला. बाई पुढच्या प्रकरणाकडे वळणार तोच एक मुलगी उभी राहिली. ही साचेवाल्याची मुलगी. हुकूम सोडायची सवय असल्याने सारी वसाहत तिला 'मुकादम' म्हणे.

"बाई, तिच्या जागेवर कोण उभं राहिलं?"

"कोणी नाही. ती एकटीच आहे ना घरात."

"जागा मोकळी?"

"मोकळी."

मुकादमने वर्गाकडे पाहिले. कोणीही हसत नव्हते. "असं कसं चालेल, बाई," ती म्हणाली. दमदाटी नव्हती, एखाद्या मोठ्या माणसाला चूक दाखवताना वापरावा तसा हलका आवाज होता.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचा पहिला बाक रिकामा ठेवला गेला. मुकादमने बाकांच्या क्रमाने यादी केली: एक प्रकरण, एक मूल. ज्याची पाळी तो त्या बाकावर बसे. हजेरीच्या शेवटी दिवेवालीचे नाव पुकारले की उभा राहून 'हजर' म्हणे. तिच्या घरचे कोणी नव्हते, म्हणून सारा वर्गच तिच्या घरचा. बाईंनी ते नाव हजेरीपटाच्या तळाला पेन्सिलीने लिहून घेतले. त्यांना हे सारे आवडत होते, हे मी लपवणार नाही. उपाशीपोटी येणारी मुले तासाला जीव कानात आणून बसत होती. कोणत्या शिक्षिकेला आवडले नसते? मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, वर कळवले की वाचनाचा उपक्रम यशस्वी असून उपस्थिती वाढली आहे. हजेरीपटावर एक नाव जास्त आहे, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

नवव्या प्रकरणात तापलेल्या चिमणीने दिवेवालीचा उजवा तळवा भाजला. त्या संध्याकाळी, त्या दिवशी बाकावर बसलेल्या मुलीचा उजवा तळवा चुलीवरच्या तव्याने भाजला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असे मी आजही म्हणते; आमच्या वसाहतीत भाजलेला तळवा ही काही नवलाई नव्हती. पण चौदाव्या प्रकरणात दिवेवाली कपड्यांच्या खोलीत कोंडली जाते. त्या दिवशी जागेवर बसलेला मुलगा संध्याकाळी घरी आला नाही. बरण्या बांधायचे गवत ठेवण्याच्या कोठारात तो शिरला होता आणि दार फुगून अडकले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटच्या तासाला, बाई पंधरावे प्रकरण वाचत असताना आणि कामावर परत आलेली म्हातारी स्वयंपाकीण दिवेवालीचे दार उघडत असताना, रखवालदाराने ते कोठार उघडले. मुलगा गवताच्या ढिगावर शांत बसला होता. बाप रडत विचारू लागला की हाका का नाही मारल्यास.

"आज सोडणार होते," तो म्हणाला.

पुढच्या प्रकरणात काय आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

यानंतर मुलांनी बाकापासून लांब पळायला हवे होते, असे तुम्हाला वाटेल. तुम्हाला भुकेची सवय नाही. विसाव्या प्रकरणात स्वयंपाकीण दिवेवालीला पोटभर जेवू घालते. त्या दिवशीच्या मुलाचा मामा संध्याकाळी बटाट्यांचे पोते घेऊन दारात उभा. दुसऱ्या दिवशी पाळीवरून दोघे हातघाईवर आले. आया पाण्याच्या नळावर एकमेकींना विचारू लागल्या, "आज काय आहे गं पुस्तकात?" आभाळाकडे बघून विचारावे तशा. आमची आई या सगळ्याला थोतांड म्हणे, आणि धाकटी घरी आली की तिच्या केसांतून हात फिरवता फिरवता विचारी, "आज बरं होतं ना?"

वर्गाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे, कारण मी हुशार होते आणि मला तसे सांगितले गेले होते. एकदा मधल्या सुट्टीत मी कपाट उघडले आणि शेवटाकडून वाचायला लागले. पुस्तकाला तेहेतीस प्रकरणे होती. एकतिसाव्यात दिवेवाली वरच्या मजल्यावरचा शेवटचा दिवा घेऊन मागच्या जिन्याने चढते. जिना संपत नाही. तिथे ती मरते. फार सुंदर लिहिले आहे; पुढे मी दोन पदव्या घेतल्या, तरी त्याहून सुंदर पान माझ्या वाचनात आले नाही. मी पुस्तक जागेवर ठेवले आणि मुकादमची यादी बोटाने मोजली. एकतिसाव्या प्रकरणावर येणारे नाव माझ्या बहिणीचे होते.

ती नऊ वर्षांची होती. दोन महिने ती अर्ध्या पोटी होती, आणि तिला खोकला होता.

मी मुकादमला गाठले. शेवट काय आहे हे सांगितले नाही. सांगितल्याने तो पक्का होईल असे मला वाटले. एवढेच म्हटले की धाकटीची पाळी पुढे ढकल.

"पाळी ढकलत नाहीत."

"ती आजारी आहे."

"मग तुझ्या घरचं कोणीतरी उभं राहील. तू आहेस की."

मी विचार करून सांगते म्हणाले. त्यानंतर तीन दिवस मी विचार केला. पुस्तकातले ते पान डोळ्यांसमोरून जात नव्हते.

ती यादी बाईंनीही मोजली असावी. तिसाव्या प्रकरणाच्या शेवटी दिवेवाली दिवा हाती घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवते, तिथे त्या थांबल्या. नियमाप्रमाणे धाकटी उठली, आधीच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून बाकावर बसली. बाईंनी पुस्तक मिटले, आणि दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढलेच नाही. मोठ्या सरांच्याही कानांवर कोठाराची हकिकत गेली होती आणि त्यांनी फर्मान काढले होते, "पुस्तक बंद करा, म्हणजे विषय बंद." बाईंनी गणिते घातली. मुलांनी ती मुकाट्याने सोडवली. घंटा झाली, सगळे उठले. धाकटी उठली नाही.

"चल," मी म्हटले.

"कुंड संपलं नाही."

तिने उजवा हात कोपरात वाकवून छातीपुढे धरला होता आणि मूठ मिटली होती. शिपायाला खोलीला कुलूप लावता येईना. शेवटी आई आली.

"ऊठ गं राणी, बाई गेल्या घरी."

"जिन्यावर आहे आई. हातात दिवा आहे."

"मग ठेव खाली."

"खाली ठेवला तर विझेल."

आईने तिला उचलून घरी आणले. मूठ उघडली नाही. त्या हातात काहीतरी होते, म्हणून ती त्या हाताने जेवेना, आणि डाव्या हाताने भरवायला गेलो की मान फिरवी, ज्योत हलेल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या पायांनी त्या बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी बाकावरच तिला ताप चढला. कारखान्याचा दवाखाना कारखान्याबरोबरच बंद झाला होता. भिंतीपलीकडे आता क्वचितच काही वाजत होते, पण वाजले की तिची मूठ किंचित वर जाई. बाबा वर्गाच्या दाराशी उकिडवे बसून होते. त्यांचे गाल पहिल्यांदाच मला रिकामे दिसले.

त्या दुपारी, मोठ्या सरांचे फर्मान मोडून, बाईंनी पुस्तक काढले. एकतिसावे प्रकरण त्या वाचू लागल्या. दिवेवाली जिना चढली, वर एक दार होते, दाराआड शेगडी पेटलेली होती, स्वयंपाकीण हात पसरून उभी होती. मी त्यांच्याकडे पाहत होते. आवाज अगदी नेहमीचा होता.

"बाई," मुकादम बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम्ही पान उलटलं नाही."

बाईंची नजर पानावर गेली.

"मघापासून एकच पान आहे. आणि बोट ओळीखाली नाही तुमचं."

साचेवाल्याची मुलगी ती. साचा मिटताना बाप फुंकणाऱ्याच्या हातांकडे पाहतो, तोंडाकडे नाही. बाईंनी माफी मागितली, वर्गाची, आणि पुस्तक बंद केले. धाकटीची मूठ तशीच होती.

शाळा सुटल्यावर त्या आमच्या घरी आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. आईने घाईघाईने चटई टाकली. बाई धाकटीजवळ बसल्या, तिच्या मुठीला हात न लावता नुसत्या पाहत राहिल्या.

"पोरीनं अन्नाला तोंड लावलं नाही," आई म्हणाली. "तुम्ही मला बहिणीसारख्या. तुम्हीच सुरू केलंत हे, तुम्हीच काहीतरी करा."

"सारख्या नको," बाई म्हणाल्या. "बहीण म्हणा."

"बहीण तर बहीण. पण करा."

बाईंनी मान वळवून मला विचारले, "ऐकलंस ना तू?"

"हो, बाई."

काय ऐकले, हे मला तेव्हा समजले नाही असे मी पुष्कळ वर्षे सांगत आले आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी धाकटीला उचलून बाकावर आणून बसवले आणि ते दाराबाहेर उभे राहिले. हजेरी झाली. दिवेवालीचे नाव आले, धाकटीने बसूनच 'हजर' म्हटले. उभे राहण्याची ताकद तिच्यात नव्हती. बाईंनी मग मुकादमला उभे केले.

"मला तुझ्याकडून एक समजून घ्यायचंय. चालू कुंडात जागा बदलता येते?"

मुकादमने विचार केला. "आजारी माणूस असेल तर येते. पण घरचंच माणूस लागतं."

"वर्गातलं कोणी नाही चालणार?"

"दिवेवालीच्या जागेला वर्ग चालतो, बाई. पण आता जागा हिची आहे. हिच्या घरचं लागेल."

सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिले. बाईंनीही पाहिले. त्या नजरेत आग्रह नव्हता, दटावणी नव्हती. मी बाकावर कोणीतरी कोरलेल्या होडीकडे बघत होते. होडीला दोन वल्ही होती आणि तिसरे अर्धवट. बाई थांबून राहिल्या. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. भिंतीपलीकडे एकदा वाजले, आणि मी तरीही मान वर केली नाही.

"मी हिची मावशी आहे," बाई म्हणाल्या.

मुकादमचा चेहरा संशयी झाला. "कधीपासून?"

"कालपासून. हिच्या आईने मला बहीण म्हटलं. थोरलीच्या देखत म्हटलं, तिला विचार."

"खरं?" मुकादमने मला विचारले.

"खरं," मी म्हणाले. त्या साऱ्या प्रकरणात माझ्या हातून घडलेली कृती एवढीच.

बाई खिडकीजवळ गेल्या आणि त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. चार दिवसांची मिटलेली मूठ उघडली. तळव्यावर नखांच्या चार लाल खुणा होत्या. ती उतरली, धडपडत माझ्या बाकापर्यंत आली आणि माझ्या मांडीवर डोके टेकून निजली. बाई तिच्या जागेवर बसल्या. बाक लहान होता, त्यांचे गुडघे वर आले. त्यांनी उजवा हात कोपरात वाकवला, मूठ मिटली आणि मला म्हणाल्या, "तू वाच. शेवटपर्यंत, आणि गाळू नकोस."

मी वाचले. गाळले नाही. ओळीखाली बोट धरले. वर्गात एकदाही बाक करकरला नाही. दिवेवालीच्या हातातून दिवा सुटतो त्या वाक्यावर बाईंचा हात बाकावर पडला, वस्तू पडावी तसा, आणि भिंतीपलीकडे काहीतरी मोठे, खोलवर, उभे तडकले. धूळ आढ्यावरून खाली आली. त्यानंतर त्या भट्टीतून पुन्हा कधी आवाज आला नाही. ती पुरती निवाली होती.

बाईंचे डोळे उघडे होते. त्या श्वास घेत होत्या. त्या दिवशी त्यांना काहीही झाले नाही, ताप नाही, खोकला नाही, हे मी जाणूनबुजून नमूद करते. घंटेनंतर मुले एकेक करून त्यांच्या बाकाजवळून गेली. चपला हातात घेऊन गेली. 'येतो बाई' असे कोणी म्हणाले नाही. मुकादमने हजेरीपट उघडून तळाचे पेन्सिलीतले नाव खोडले आणि पट टेबलावर सरळ करून ठेवला.

घरी धाकटीने दोन्ही हातांनी जेवण केले. आई रडत रडत वाढत होती. "देव बाईंचं भलं करो," ती म्हणाली. धाकटीने ताटावरून मान वर केली नाही. "आई, बाई गेल्या ना," ती म्हणाली, आणि पाणी मागितले.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर वर्गावर आल्या. त्यांनी हजेरी घेतली. कोणी 'हजर' म्हटले नाही. त्यांनी फळ्यावर गणित घातले. मुले वह्या मिटून, हात जोडून, त्यांच्या खुर्चीच्या थोडे वरच्या बाजूला पाहत बसली. त्यात उद्धटपणा कणभर नव्हता. उद्धटपणा असता तर मोठ्या सरांना त्याचे काहीतरी करता आले असते. मधल्या सुट्टीत मुले आपसांत त्यांच्याविषयी बोलत, फार मायेने: बाई कधी ओरडायच्या नाहीत, बाईंचा आवाज किती छान होता. उरलेली दोन प्रकरणे कोणी मागितली नाहीत. महिन्याभरात मोठ्या सरांनी अहवाल पाठवला की सदर शिक्षिकेस विद्यार्थ्यांचा प्रतिसाद मिळत नाही, आणि बाईंची बदली दुसऱ्या गावच्या शाळेत झाली. उपक्रमाचे श्रेय आधीच्या अहवालात घेतले गेलेच होते. या संदर्भात मी शिक्षण खात्याशी सहा पत्रांचा व्यवहार केला आहे. त्यांपैकी दोन पत्रे गहाळ झाल्याचे मला कळवण्यात आले.

भट्टी पुढच्या वर्षी नव्याने बांधून पेटवली गेली. बाबा पुन्हा फुंकायला लागले. धाकटी वाढली, तिचे आता शिवणाचे दुकान आहे, दोन मुली आहेत, आणि खोकला तिला पुन्हा कधी झाला नाही. मी तिला वर्षाआड विचारते, बाईंना भेटायला येतेस का. ती कापड मापता मापता माझ्याकडे दयेने पाहते. "ताई, तुझं ना, त्या गेल्या ते मनाला फार लागलंय," ती म्हणते.

मागच्या महिन्यात मी गेले होते. बाई सत्तरीपुढच्या आहेत. दुसऱ्या गावात त्यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवले, तिथल्या मुलांनी हजेरीला उत्तरे दिली, शेजारी त्यांना उसने तेल मागतात. एक खोली, एक खाट, खिडकीजवळ एक खुर्ची. त्यांनी धाकटीचे विचारले.

"बरी आहे. धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय."

"जेवते ना नीट?"

"जरा जास्तच."

त्या हसल्या. मी बऱ्याच दिवसांपासून एक वाक्य तयार करून ठेवले होते, व्यवस्थित, कर्ता-कर्म-क्रियापदासह. ते मला आठवले नाही. मी म्हटले, "बाई, त्या दिवशी जागा माझी होती."

"हो," बाई म्हणाल्या. "मी थोडं थांबले होते तुझ्यासाठी."

मग उन्हातून आलीस म्हणून त्या माठातले पाणी आणायला उठल्या. जाताना आपल्या खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, "बस ना." खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. खाटेवर कपडे वाळत घातले होते. त्या पाणी घेऊन परत येईपर्यंत मी उभीच होते.